कालिदासाच्या वेळेला पोस्टमास्तर

या मालिकेत आपण इतिहासातली माणसं आणि त्यांची पुस्तकं यांच्याबद्दल बोलतो. आजचा भाग एका पत्रामुळे सुचला. बडोद्याच्या एका निवृत्त शिक्षिका आहेत. त्या कथा लिहितात. त्यांचं म्हणणं असं : कर्नलसाहेब, तुम्ही फौजेतली माणसं, 'रोज एक तास ठरवून बसा' हे तुम्हाला सांगायला सोपं. मी बसले की दूधवाला येतो, नातवाला खाऊ हवा असतो, शेजारच्या काकू इस्त्रीवाला आला का म्हणून विचारायला येतात. कथा तिसऱ्या ओळीवर असते, ती तिथेच राहते. तर पूर्वीचे मोठे लेखक या खोळंब्याचं काय करत होते?

प्रश्न मला आवडला, कारण तो इतिहासाचा प्रश्न आहे. आपण पुस्तकं वाचतो तेव्हा ती अखंड दिसतात. पान १ ते पान ३००, मध्ये कुठे दार वाजल्याची खूण नाही. पण दार वाजत होतंच. मग त्याचं काय झालं?

खोळंब्याचा जगातला सगळ्यात गाजलेला किस्सा इंग्रजीतला आहे, तो आधी उरकून टाकतो. कोलरिज नावाचा कवी. तो सांगतो की १७९७ साली त्याला झोपेत एक अख्खी कविता सुचली. जागा होऊन तो लिहायला बसला, तेवढ्यात पोरलॉक गावाहून कुणी माणूस कामानिमित्त आला आणि त्याने तासाभराहून जास्त वेळ खाल्ला. तो गेला तेव्हा उरलेली कविता विरून गेली होती. अर्धवट राहिलेली ती 'कुब्ला खान' पुढे १८१६ साली छापली गेली. तेव्हापासून पोरलॉकचा माणूस म्हणजे लेखनात मोडता घालणारा, असा शिक्काच बसला. हा किस्सा कितपत खरा, यावर अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. मला त्यातली दुसरीच गोष्ट खटकते. तासभर समोर बसलेल्या त्या माणसाबद्दल कोलरिजने आपल्याला काहीच सांगितलेलं नाही. तो कसा दिसत होता, कसलं काम घेऊन आला होता, काम झालं की नाही? एक शब्द नाही. तास गेला आणि माणूसही गेला.

आता याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच देशातलं. त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर जुन्या बंगालमध्ये यावं लागेल.

माझं बंगालशी नातं फौजेमुळे जुळलं. उत्तर बंगालमध्ये बिन्नागुडीला पोस्टिंग होतं. चहाचे मळे, हत्ती आणि पाऊस. युनिटचा हेडक्लार्क बंगाली होता. पावसाळ्यात संध्याकाळी करायला फार काही नसायचं, तेव्हा त्याने मला बंगाली अक्षरं शिकवली. देवनागरी येणाऱ्या माणसाला ती फार जड जात नाहीत. आपल्या पुलंनी तर पन्नाशीच्या आसपास शांतिनिकेतनात जाऊन बंगाली शिकण्याचा उद्योग केला, त्यामानाने मी तरुण होतो. हेडक्लार्कने माझ्या हातात पहिलं पुस्तक दिलं ते रवींद्रनाथांच्या पत्रांचं, 'छिन्नपत्र'. म्हणाला, साहेब, कविता नंतर वाचा, आधी हा माणूस ऑफिस कसं चालवायचा ते बघा.

रवींद्रनाथ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरी दाढी, झगा आणि नोबेल पारितोषिक उभं राहतं. १८९१ सालचे रवींद्रनाथ तसे नव्हते. तिशीचा गृहस्थ, पोराबाळांचा बाप, आणि वडिलांनी, म्हणजे देवेंद्रनाथांनी, गळ्यात घातलेली जमीनदारीची जबाबदारी. ठाकुरांच्या इस्टेटी शिलाइदह, शाहजादपूर आणि पतिसर अशा तीन ठिकाणी होत्या, तिन्ही आज बांगलादेशात आहेत. एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचं ते नदीतून, घरासारख्या होडीत बसून. कचेरीत बसायचं, हिशेब तपासायचे, रयतेच्या तक्रारी ऐकायच्या, सारा सूट मागणाऱ्यांना उत्तर द्यायचं. ज्यांनी ऑर्डर्ली रूम चालवली आहे त्यांना हे चित्र लगेच कळेल. दाराबाहेर माणसांची रांग, प्रत्येकाच्या हातात कागद, आणि प्रत्येकाच्या मते त्याचाच कागद सगळ्यात तातडीचा.

शाहजादपूरला कचेरीच्या इमारतीतच खालच्या मजल्यावर टपाल कार्यालय होतं. याचा फायदा असा की पत्रं आली की लगेच हातात. आणि तोटा म्हणा, दुसरा फायदा म्हणा, असा की तिथला पोस्टमास्तर संध्याकाळी जिना चढून गप्पा मारायला वर यायचा. १८९१ च्या फेब्रुवारीतल्या एका पत्रात रवींद्रनाथांनी याचं वर्णन केलं आहे. पोस्टमास्तर एकेक अचाट गोष्टी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचा. एकदा म्हणाला, इथल्या लोकांची गंगेवर एवढी भक्ती आहे की घरातलं कुणी वारलं तर त्याच्या हाडांची पूड करून ठेवतात. मग कधी काळी गंगेचं पाणी प्यायलेला माणूस भेटला की त्याला विड्यातून ती पूड खाऊ घालतात. म्हणजे आपल्या माणसाचा थोडा तरी अंश गंगेला पोचला! रवींद्रनाथ हसून म्हणाले, ही तुमची बनवाबनवी दिसते. पोस्टमास्तराने शांतपणे विचार केला आणि कबूल केलं की हो, तसंही असू शकेल.

असा हा माणूस. आता विचार करा, तुम्ही लेखक आहात, दिवसभर कचेरीत डोकं शिणलं आहे, संध्याकाळी जरा कुठे कागद पुढे ओढता आणि जिन्यावर पावलं वाजतात. आपल्यापैकी किती जण चेहरा न पाडता या बसा म्हणतील?

त्याच वर्षी 'हितवादी' नावाचं साप्ताहिक निघालं आणि त्यात रवींद्रनाथांच्या कथा आठवड्यामागून आठवडे येऊ लागल्या. त्यातली एक 'पोस्टमास्तर'. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती वाचली असेल, निदान सत्यजित राय यांच्या १९६१ च्या 'तीन कन्या'मध्ये पाहिली असेल. कलकत्त्याचा एक तरुण उलापूर नावाच्या खेड्यात पोस्टमास्तर म्हणून येतो. गावात बोलायला कुणी नाही. घरकामाला रतन नावाची बारा-तेरा वर्षांची अनाथ मुलगी आहे. तो तिला आपल्या घरच्या गोष्टी सांगतो, अक्षरं शिकवतो. मग तापाने आजारी पडतो, ती त्याची सेवा करते. बरा झाल्यावर तो बदलीचा अर्ज करतो, तो फेटाळला जातो, म्हणून नोकरीच सोडून निघतो. ती विचारते, मला घरी न्याल? तो हसून म्हणतो, ते कसं होईल? आणि होडी निघते.

इथे जरा थांबू या, कारण बडोद्याच्या बाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. खरा पोस्टमास्तर बोलका, कथेतला एकाकी. खऱ्याला गप्पांना हक्काची जागा होती, वरचा मजला. कथेत तो वरचा मजलाच नाही. माझा तर्क असा आहे, आणि तो माझाच आहे, कुठल्या समीक्षकाचा नाही, की रवींद्रनाथांनी मनात एकच हालचाल केली. त्यांनी स्वतःला त्या चित्रातून उचलून बाजूला ठेवलं. हा माणूस रोज माझ्याकडे येतो, पण मी नसतो तर हा कुठे गेला असता? कुणाशी बोलला असता? त्या रिकाम्या जागेवर रतन येऊन बसली. म्हणजे बघा, घरच्या गोष्टी ऐकून घेणारी रतन ही एका अर्थाने स्वतः रवींद्रनाथांच्याच खुर्चीत बसली आहे. फरक एवढाच की जमीनदाराला पोस्टमास्तर निघून गेल्याचं फार दुःख झालं नसतं. रतनला त्याच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. कथेला धार आली ती इथून.

त्या पोस्टमास्तराची आणखी एक भेट नोंदलेली आहे. ती मी शेवटी सांगणार आहे.

अशा भेटी पुष्कळ होत्या. एक तर वाचताना मला अजून हसू येतं. इस्टेटीवर मुक्काम असताना शाळेतली पाच-सहा पोरं रवींद्रनाथांपुढे येऊन ओळीने उभी राहिली. त्यांच्या पुढाऱ्याने भाषण पाठ केलेलं होतं, अगदी जड संस्कृतप्रचुर बंगालीत. मध्येच विसरायचा, आभाळाकडे बघायचा, आठवलं की चूक सुधारून पुढे. अर्ध्या तासाच्या त्या भाषणाचा मतितार्थ एवढाच की शाळेत बाकं आणि स्टुलं नाहीत. मुद्दा लक्षात आल्यावर रवींद्रनाथांनी सांगून टाकलं, व्यवस्था करतो. फौजेत दरबारात असं झालं असतं तर जवान सॅल्यूट ठोकून निघून गेला असता. हा पठ्ठ्या नाही गेला! जिथे तोडलं होतं तिथून त्याने पुन्हा सुरुवात केली, भाषण शेवटापर्यंत नेलं, वाकून नमस्कार केला आणि मग फौज घेऊन परतला. बाकं मिळणं वेगळं आणि पाठ केलेलं पुरं म्हणणं वेगळं. खोळंबा करायला आलेल्या माणसाला आपला खोळंबा केलेला चालत नाही, ही गोष्ट मात्र सगळीकडे सारखीच.

१८९१ च्याच उन्हाळ्या-पावसाळ्यातली शाहजादपूरची दोन पत्रं आहेत. होडी घाटाला लागलेली. लिहिता-वाचताना नजर काठावर जाणारच. एका पत्रात काठावर पडलेली एक मोठी डोलकाठी आहे, आणि गावची पोरं ओरडत ओरडत ती ढकलण्याचा खेळ करताहेत. तेवढ्यात एक छोटी मुलगी येते आणि गंभीरपणे त्या लाकडावर जाऊन बसते. खेळ बंद. पोरं आधी नाराज होतात, मग त्यांचा म्होरक्या ठरवतो की हिच्यासकट ढकला. ढकलतात, ती पडते. दुसऱ्या पत्रात घाटावर बायकांचा घोळका आहे, त्यात मुलासारखे आखूड केस कापलेली एक धीट मुलगी, सरळ होडीकडे टक लावून बघणारी. शेवटी कळतं की तिलाच सासरी पाठवायला ही सगळी मंडळी जमली आहेत.

पहिल्या प्रसंगातून 'छुटी' ही कथा झाली. तिच्यात लाकडावर जाऊन बसतो तो फटिकचा धाकटा भाऊ माखन. कथा त्या खेळापाशी थांबत नाही. खोडकर फटिकला मामा कलकत्त्याला नेतो आणि गावाकडे परत जायच्या सुट्टीची वाट बघत ते पोर तापात जातं. दुसऱ्या प्रसंगातली आखूड केसांची मुलगी 'समाप्ति' कथेत मृण्मयी झाली. पत्रातल्या मुलीचं पुढे काय झालं हे होडीतून दिसणं शक्य नव्हतं. होडी वळणाआड गेली. जे दिसलं नाही तिथून पुढे कथा.

या कथा 'साधना' मासिकात आल्या. आपल्या साने गुरुजींचं 'साधना' नव्हे, ते १९४८ चं. हे ठाकुर घराण्याचं, १८९१ च्या अखेरीला निघालेलं आणि जेमतेम चार वर्षं चाललेलं. पण बंगाली लघुकथा जी उभी राहिली ती बरीचशी याच चार वर्षांत, आणि ती उभी करणारा माणूस त्या काळात पूर्णवेळ लेखक नव्हता हे लक्षात ठेवा.

आता 'काबुलीवाला'. १८९२ च्या अखेरची. ही कथा आपण शाळेत वाचली, बलराज साहनींचा सिनेमा पाहिला, डोळे पुसले. पण तिच्याकडे आजच्या विषयाच्या बाजूने कधी बघितलं आहे का? कथा सांगणारा बाप हा कादंबरीकार आहे. कादंबरीचं सतरावं प्रकरण चालू आहे. त्यात प्रतापसिंह कांचनमालेला घेऊन काळोख्या रात्री तुरुंगाच्या उंच खिडकीतून खाली नदीत उडी टाकतो आहे. आणि पाच वर्षांची मिनी येऊन बापाच्या पायाशी बसते आणि बडबड सुरू करते. मग रस्त्यावर काबुलीवाला दिसतो आणि ती त्याला हाक मारते. बापाच्या मनात काय येतं? झोळीवाली ही ब्याद आता आत येणार आणि माझं सतरावं प्रकरण काही पुरं होणार नाही.

नाहीच झालं. प्रतापसिंह आणि कांचनमाला त्या खिडकीत आजही लटकलेले आहेत. मला इथे रवींद्रनाथांचा मिश्कीलपणा दिसतो. तुरुंग, नदी, काळोखी रात्र, राजपूत नायक, हा सगळा त्या काळच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा ठरलेला माल. लेखक तो माल रचत बसला आहे आणि खरी कथा त्याच्या दारात सुकामेव्याची झोळी घेऊन उभी आहे. मिनीचं चित्र आपल्या थोरल्या मुलीवरून घेतलं होतं हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. म्हणजे घरातली बडबड घरचीच होती. रेहमत मात्र घडवलेला.

कथेत दुसराही खोळंबा आहे, तो पहिल्याहून मोठा. रेहमत तुरुंगातून सुटून येतो तो नेमका मिनीच्या लग्नाच्या दिवशी. बाप म्हणतो, आज घरात कार्य आहे, आज कुणाची भेट व्हायची नाही. रेहमत निघतोही. दारातून परत फिरतो आणि छातीशी जपलेला एक मळका कागद काढतो. त्यावर त्याच्या मुलीच्या इवल्या हाताचा काजळीचा ठसा आहे. बस. त्यानंतर बाप त्याला घरी जायला पैसे देतो आणि लग्नाच्या थाटात काटछाट करतो. विजेचे दिवे नाहीत, आणि मूळ बंगालीत म्हटलं आहे की 'गडाचं वाद्य'ही आलं नाही. गड म्हणजे फोर्ट विल्यम, आणि वाद्य म्हणजे तिथला फौजी बँड. लग्नात फौजी बँड वाजवण्याची हौस तेव्हापासूनची आहे बरं का! रद्द झालेला हा एक बँड मात्र मी आनंदाने माफ केला आहे.

मंडळी, इथे कुणी म्हणेल की म्हणजे दार उघडं टाका, येईल त्याला येऊ द्या, कथा आपोआप होतील. तसं अजिबात नाही. रवींद्रनाथांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की 'पोस्टमास्तर' त्यांनी शाहजादपूरच्या त्या खोलीत दुपारी बसून लिहिली. तिथल्या दुपारची शांतता त्यांच्या पत्रांत वारंवार येते. म्हणजे माणसं संध्याकाळी आली, कथा दुपारी झाली. मध्ये काय होतं? मध्ये पत्र होतं. घाटावर बघितलेलं, जिन्यावर ऐकलेलं ते आठवण ताजी असतानाच पुतणी इंदिरादेवीला लिहून पाठवत. तिने ती पत्रं वहीत उतरवून ठेवली, म्हणून १९१२ साली 'छिन्नपत्र' होऊ शकलं. फौजेतल्या मंडळींना मी सांगेन, हा सिट-रेप आहे. काय दिसलं, किती वाजता, कोण काय म्हणालं. त्यात अर्थ लावायचा नाही, साहित्य करायचं नाही. अर्थ नंतर, मुख्यालयात बसून. आणि ज्याने गस्तीवरून आल्यावर दोन दिवसांनी रिपोर्ट लिहिला आहे त्याला ठाऊक आहे की दोन दिवसांत नाल्यातलं पाणी किती वाढतं.

रवींद्रनाथांच्या आधीचं एक उदाहरण आहे, तेही बंगालचंच आणि तेही सरकारी नोकराचं. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. १८६० साली त्यांची नेमणूक मेदिनीपूर जिल्ह्यात समुद्राजवळ नेगुआ इथे होती. त्यांचे भाऊ पूर्णचंद्र यांनी आठवण लिहून ठेवली आहे की तिथे एक कापालिक संन्यासी अपरात्री त्यांच्याकडे यायचा. हाकलला तरी पुन्हा यायचा. मॅजिस्ट्रेटच्या दारात मध्यरात्री कापालिक! संत्री काय करत होता असं माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही. पण बंकिमबाबूंच्या मनात वेगळाच प्रश्न रुजला. लहानपणापासून समुद्रकाठच्या अरण्यात कापालिकाने वाढवलेली, माणसं न पाहिलेली मुलगी मोठी झाल्यावर लग्न होऊन संसारात आली तर काय होईल? हा प्रश्न त्यांनी आपले मित्र दीनबंधू मित्र यांना विचारला होता, असंही पूर्णचंद्र सांगतात. १८६६ साली 'कपालकुंडला' कादंबरी आली. कापालिक दारात उभा होता, कादंबरी त्याच्या पाठीमागे न दिसणाऱ्या मुलीची झाली.

आणि गंमत बघा, हे दीनबंधू मित्र म्हणजे 'नीलदर्पण'चे नाटककार, ते टपाल खात्यात होते. तिकडे इंग्लंडात अँथनी ट्रोलोप टपाल खात्यातच फिरतीवर होता आणि रेल्वेच्या डब्यात मांडीवर पाटी घेऊन कादंबऱ्या लिहीत होता. एकदा क्लबमध्ये लिहीत बसला असताना दोन पाद्री जवळच बसून त्याच्याच कादंबऱ्यांना नावं ठेवू लागले, तीच तीच पात्रं पुन्हा आणतो म्हणून. मिसेस प्राउडी नावाच्या बाईवर विशेष राग. ट्रोलोप उठला, म्हणाला, तो लेखक मीच, आणि आठवडा संपायच्या आत त्या बाईला मारून टाकतो. आणि खरंच मारलं, आपल्या कादंबरीमालेच्या शेवटच्या पुस्तकात. हे त्याने आत्मचरित्रात सांगितलं आहे. टपाल खात्याचं आणि कथेचं काही तरी नातं असावं. दुसऱ्यांची पत्रं हाताळून हाताळून असेल.

पण बडोद्याच्या बाईंना मी एवढ्यावर उत्तर दिलं तर त्या मला सोडणार नाहीत. त्यांनी मला विचारलंच असतं की रवींद्रनाथांच्या घरात चहा कोण करत होतं? बरोबर आहे. नोकर होते, खानसामा होता, होडी वल्हवायला माणसं होती. पोस्टमास्तर आला तर त्याला खुर्ची द्यायची एवढंच काम. बायकांच्या लेखनातला खोळंबा वेगळा. तिथे आलेल्याचं ऐकायचं नसतं, आलेल्याचं करायचं असतं. जेन ऑस्टेनच्या भाच्याने लिहून ठेवलं आहे की चॉटनच्या घरात ती सगळ्यांच्या बैठकीच्या खोलीतच लिहायची, छोट्या छोट्या कागदांवर, म्हणजे कुणी आलं तर पटकन झाकता येतील. त्या खोलीचं एक दार करकरायचं आणि ती ते दुरुस्त करू द्यायची नाही. कुणी येतंय हे तेवढं आधी कळायचं. आमच्या भाषेत याला अर्ली वॉर्निंग म्हणतात. तिच्या सहाही कादंबऱ्या भेटीला येणाऱ्या माणसांनी गजबजलेल्या आहेत, हा योगायोग मला वाटत नाही. तरी पण बाई, तुमची तक्रार खरी आहे, आणि घरातल्या इतरांनी अधूनमधून इस्त्रीवाल्याला बघायला हरकत नाही, हे मी माझ्या घरातही ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो आहे.

आता एक स्वतःचं. निवृत्तीनंतर आम्ही देहरादूनला राहतो. आसपासच्या गावांतून माजी सैनिक, त्यांच्या बायका, पेन्शनचे कागद घेऊन येतात. मी पानिपतावर कादंबरी लिहितो आहे, गेली चार वर्षं. भाऊसाहेब कुंजपुऱ्याला पोचले आहेत आणि तिथेच मुक्काम करून आहेत. अशाच एका सकाळी डोंगरातल्या गावाहून एक वृद्ध गढवाली बाई आल्या. नवरा हवालदार होता, वारला. फॅमिली पेन्शन अडली होती, कारण कागदांवर तिची नावं दोन होती, रेकॉर्डमध्ये एक आणि आधारवर दुसरं. असे अर्ज मी शेकड्यांनी लिहिले आहेत, ते दहा मिनिटांचं काम. लिहिता लिहिता विचारलं, माताजी, यातलं खरं नाव कोणतं? म्हणाली, साबजी, एक माहेरचं आहे, एक सासूने ठेवलेलं. त्यांनी मला दोन्हींपैकी कशानेच कधी हाक मारली नाही.

अर्ज गेला. पेन्शन सुरू झाली. मी मात्र भाऊसाहेबांना कुंजपुऱ्यालाच ठेवून त्या बाईवर कथा लिहिली. आणि मग अडलो, कारण ती कुणाची होती? पोस्टमास्तराची आठवण झाली. पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा मी कथा त्यांना हिंदीत वाचून दाखवली. शांतपणे ऐकली. मग म्हणाल्या, नाव तिसरंच घाला, आणि पेटी काळी नव्हती, हिरवी होती, फौजी. मी पेटी हिरवी केली.

तर पोस्टमास्तराची ती राहिलेली भेट. २९ जून १८९२ चं शाहजादपूरचं पत्र. आषाढ लागला होता. रवींद्रनाथांनी आधीच पुतणीला कळवलं होतं की अमुक संध्याकाळी माझी कालिदासाशी भेट ठरली आहे. मेणबत्ती लावली, खुर्ची टेबलाशी ओढली, पुस्तक घेतलं, आणि कालिदासाऐवजी पोस्टमास्तर आत आला. फौजेत संदेशाला प्राथमिकता द्यावी लागते, फ्लॅश ते रूटीन. रवींद्रनाथांनी ती अशी लावली की मेलेल्या कवीपेक्षा जिवंत पोस्टमास्तराचा हक्क पहिला. कालिदास यायचा आहे, तुम्ही उठा, असं सांगितलं असतं तर त्या बिचाऱ्याला कळलंही नसतं. म्हणून खुर्ची दिली. याच पत्रात ते सांगतात की 'पोस्टमास्तर' कथा छापून आली तेव्हा हा माणूस लाजत लाजत, हसत हसत तो विषय काढायचा. एवढंच. रागावला नाही, आनंदाने उड्याही मारल्या नाहीत. कथेतला पोस्टमास्तर एका पोरीला टाकून गेला होता, आणि हा मात्र अजून गप्पांना येत होता.

त्या रात्री तो उशिरा गेला. रवींद्रनाथांनी मेणबत्ती विझवली नाही. 'रघुवंश' उघडलं आणि इंदुमतीचं स्वयंवर वाचायला घेतलं.